हळद घरची, कॅप्सूल बाजारची

पत्र

मावशी, नमस्कार.

मी चोपडा तालुक्यात राहते, माहेर अमळनेरकडचं. आई ५४ वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी तिच्या हातांची बोटं सुजायला लागली, सकाळी मूठ मिटेना. जळगावला दाखवलं तेव्हा आमवात निघाला. डॉक्टर म्हणाले, हा झिजेचा नाही, रक्तातला वात आहे. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट सुरू केली. सहा महिन्यांत चांगला फरक पडला. फक्त रविवारी रात्री गोळी घेतली की सोमवारी दिवसभर तिला मळमळायचं, अन्न नको व्हायचं.

दिवाळीत मामेभाऊ आला. तो हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल विकतो. एकीत ५०० मिलिग्रॅम अर्क आणि वर मिरीचा अर्क, रोज दोन घ्यायच्या. महिन्याचे १,८०० रुपये. तो म्हणतो, नैसर्गिक घटक सूज मुळापासून काढतात, पेशींची झीज थांबवतात, डॉक्टरची गोळी मात्र लिव्हर खाते. आईनं दोन महिन्यांपासून गोळी बंद केली. सुरुवातीला तिला खूप बरं वाटलं, आता बोटं पुन्हा सुजलीत. मी बोलले की म्हणते, “हळद ते घरनीच शे, ती माले काय करी?”

शेजारच्या काकू आठवडे बाजारातून सांधेदुखीची पुडी आणतात. दोन दिवसांत अंग मोकळं होतं म्हणे. ती आणू का? की कॅप्सूल आणि गोळी दोन्ही चालू ठेवू? मोबाईलवर रोज हळद, आवळा, अँटिऑक्सिडंट असं काहीतरी येतं. त्यातलं खरं किती? आईला भाकरी थापता येत नाही, याचंच तिला सगळ्यात जास्त लागतं.

एक लेक, चोपडा तालुका

उत्तर

ताई,

आधी कामाचं सांगते. कॅप्सूल आजपासून बंद करा. पुडी आणू नका. आणि घरात उरलेली मेथोट्रेक्सेट आपल्या मनानं पुन्हा सुरू करू नका. दोन महिन्यांचा खंड पडलाय आणि मधल्या काळात कॅप्सूल पोटात गेल्यात, त्यामुळे आधी रक्त तपासायचं आणि मग डॉक्टरांनी डोस ठरवायचा. या आठवड्यातच आईला घेऊन जा. जाताना कॅप्सूलची बाटली पिशवीत टाका, लपवू नका. यकृताची तपासणी, रक्तपेशींची मोजणी आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, या तीन गोष्टी डॉक्टर सांगतीलच. नाही सांगितल्या तर तुम्ही विचारा. तोवर आईचे डोळे पिवळसर दिसले, लघवी काळ्या चहासारखी झाली, किंवा अंगाला उगाच खाज सुटली, तर आठवडा बघू नका, त्याच दिवशी निघा.

आता तुमच्या पत्रातलं ते सोमवारचं वाक्य. ते मी तीनदा वाचलं. तुम्हाला वाटतंय की मामेभावाच्या बोलण्यानं आईनं गोळी सोडली. मला वाटतं, तिनं ती सोमवारमुळे सोडली. दर आठवड्याला एक दिवस ताटावरून उठायचं, घरच्यांसमोर तोंड वाकडं करायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. असं वर्षभर काढल्यावर समोर कुणीतरी येऊन म्हणतं, ही विषारी गोळी सोड आणि हळद घे. मग कोण नाही सोडणार? गोळी बंद झाल्यावर सुरुवातीला बरं वाटलं, त्याचं कारणही हेच आहे. मळमळ थांबली. आणि मेथोट्रेक्सेटचा गुण जसा सहा ते बारा आठवड्यांनी दिसू लागतो, तसा तो उतरायलाही काही आठवडे लागतात. त्या आठवड्यांचं श्रेय कॅप्सूलला मिळालं.

या मळमळीवर इलाज आहे. म्हणूनच मला हळहळ वाटते. सोबत फोलिक अ‍ॅसिड देतात, त्याचा डोस वाढवता येतो. आठवड्याची मात्रा एकाच दिवशी दोन वेळांत विभागून देता येते. तेही सोसलं नाही तर तेच औषध कातडीखाली इंजेक्शननं देतात, त्यानं पुष्कळ जणांची मळमळ कमी होते. यातलं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, पण त्यांना सोमवारची गोष्ट कुणीतरी सांगायला तर हवी. आई सांगणार नाही, तुम्ही सांगा. आणि एक गोष्ट घरात सगळ्यांना बजावून ठेवा. ही गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतते. कॅलेंडरवर वारासमोर खूण करा.

मी तीस वर्षं औषधशास्त्र शिकवलं. मुलांना पहिल्याच तासाला सांगायचे, की वनस्पतींची थट्टा करू नका. आपल्या औषधांच्या कपाटातलं बरंच सामान त्यांच्याकडून आलंय. विलो झाडाच्या सालीवरून माणूस अ‍ॅस्पिरिनपर्यंत पोचला. १८९७ साली ती शुद्ध स्वरूपात तयार झाली, पण ती सूज कशी उतरवते हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेननं दाखवलं ते थेट १९७१ मध्ये. सातपुड्यात पावसाळ्यात कळलावीची लाल-पिवळी फुलं फुलतात. तिच्यातलं कोल्चिसिन हे गाउटच्या, म्हणजे युरिक आम्लामुळे येणाऱ्या सांध्यांच्या सुजेवरचं नावाजलेलं औषध आहे. गोळीत ते अर्धा मिलिग्रॅम असतं. तिचाच कंद कुणी उगाळून प्यायला तर माणूस जातो. दोन्ही नैसर्गिकच.

म्हणून मामेभावाचं सगळंच खोटं, असं मी म्हणणार नाही. हळदीतल्या कर्क्युमिनवर जगभर काम झालंय. काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशींवर ते टाकलं की सूज पेटवणाऱ्या जनुकांची कळ खरोखर मंदावते. गुडघ्याच्या झिजेच्या दुखण्यात काही छोट्या चाचण्यांत थोडा आराम दिसलाय. आईच्या आजारावरही एक चाचणी झाली, आपल्याच देशात, २०१२ साली. त्यात रुग्ण होते ४५ आणि मुदत आठ आठवडे. तुलनेला नुसती दिखाऊ गोळी घेणारा गट ठेवलाच नव्हता. अशा चाचणीवरून पुढचं काम सुरू करावं, चालू औषध बंद करू नये. त्यात २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या काही अभ्यासकांनी कर्क्युमिनवरचं संशोधन बारकाईनं तपासलं. त्यांचं म्हणणं असं, की हा रेणू पाण्यात टिकत नाही, स्वतः चमकतो आणि दिसेल त्या प्रथिनाला चिकटतो. त्यामुळे भांड्यातल्या चाचणीत तो काम करतोय असा पुष्कळदा नुसता भास होतो.

आता आईच्या त्या वाक्याकडे येते. हळद घरचीच आहे, ती काय करणार? आईला हा हिशेब स्वयंपाकघरात उभं राहून दाखवा. हळदीचा डबा काढा. एक छोटा चमचा म्हणजे साधारण तीन ग्रॅम. हळदीत कर्क्युमिन असतं अंदाजे ३ टक्के, म्हणजे चमच्यात ९० मिलिग्रॅम. तो चमचा पाच माणसांच्या भाजीत पडतो. आईच्या वाट्याला १८ मिलिग्रॅम आलं, दोन्ही वेळचं धरलं तर ३६. आता कॅप्सूल घ्या. असा अर्क बहुधा ९५ टक्के शुद्ध असतो, म्हणजे दोन कॅप्सूलमध्ये ९५० मिलिग्रॅम. तेवढं हळदीतून मिळवायचं तर रोज दहा-अकरा चमचे हळद एकटीनं खावी लागेल. ताटलीत दहा चमचे काढून आईसमोर ठेवा आणि विचारा, अशी हळद आपल्या घरात कुणी कधी खाल्ली?

आणि गोष्ट तिथंच थांबत नाही. भाजीतली हळद आतड्यातून फारशी आत जातच नाही. जी जाते तिला आतडं आणि यकृत लगेच खूण करून बाहेरचा रस्ता दाखवतात. शरीर हळदीला शेकडो वर्षं असंच वागवत आलंय, म्हणून ती निर्धोक आहे. मिरीतलं पिपेरिन नेमकं हेच दार अडवतं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं, की दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपेरिन दिलं तर रक्तातलं प्रमाण सुमारे २० पट वाढतं. जाहिरातीत हा आकडा मोठ्या अभिमानानं छापतात. पण त्याच दारातून इतर औषधंही बाहेर पडत असतात. फिट्सची फेनिटॉइन, रक्तदाबाची प्रोप्रॅनोलॉल यांचं रक्तातलं प्रमाण पिपेरिननं वाढतं, हे आपल्याकडच्याच अभ्यासांतून पुढं आलं होतं. तुम्ही विचारलंत, दोन्ही एकत्र चालवू का? नको. मेथोट्रेक्सेट चालू असताना यकृतावर डॉक्टर दर दोन-तीन महिन्यांनी नजर ठेवतात. त्याच यकृतावर दुसरा भार टाकायचा आणि डॉक्टरांना सांगायचंही नाही, हे मला अजिबात मान्य नाही.

भार म्हणते ते उगाच नाही. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणारं तज्ज्ञांचं एक जाळं आहे. त्यांनी हळदीच्या अशा गोळ्यांमुळे यकृत बिघडलेले दहा रुग्ण सविस्तर मांडले. पाच जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एक दगावला. दहापैकी सात जणांत एक ठराविक जनुकीय खूण सापडली. म्हणजे हा त्रास सगळ्यांना होत नाही, पण कुणाला होईल ते आधी कळत नाही. इटलीतही असे रुग्ण आढळले. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये लोकांना जाहीर सावध केलं. यातलं काहीही स्वयंपाकातल्या हळदीबद्दल नाही, अर्काबद्दल आहे. मामेभाऊ म्हणतो डॉक्टरची गोळी लिव्हर खाते. ती यकृताला त्रास देऊ शकते हे खरंच आहे, म्हणून तर तपासण्या करतात. त्याच्या कॅप्सूलसाठी कुणी तपासणी सांगितली होती का?

हळद आपली, हा अभिमान मलाही आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढं ठेवून ते लढवलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. तेव्हा आम्ही वर्गात पेढे वाटले होते. पण तिथं सिद्ध काय झालं? जखमेवर हळद लावणं आपल्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, एवढं. पिपेरिन घालून दाट केलेला अर्क महिनोन् महिने गिळणं आपल्या आजीलाही ठाऊक नव्हतं. ही नवी गोष्ट आहे, तिला आजीचं नाव लावू नये.

अँटिऑक्सिडंटचं तुम्ही विचारलंत. यावर जरा रेंगाळते, कारण इथंच सगळा घोळ आहे.

भरताचं वांगं घ्या. आपलं हिरवं, पांढऱ्या रेषांचं, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं. विळीवर कापा आणि फोडी तशाच ठेवा. पाच-दहा मिनिटांत पांढरा गर तपकिरी होतो. वांग्यात क्लोरोजेनिक आम्ल नावाचं द्रव्य असतं. कापल्यावर त्याची गाठ वांग्यातल्याच एका विकराशी (एन्झाइमशी) आणि हवेतल्या ऑक्सिजनशी पडते, म्हणून हा रंग. ऑक्सिडेशन म्हणतात ते तुमच्या डोळ्यांसमोर घडलं. अख्खं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजलं की आतला गर तसा काळवंडत नाही, कारण आचेनं तो विकर निकामी होतो.

आपल्या पेशींतही ऑक्सिजन वापरताना असे तापट रेणू सतत तयार होतात. ते चरबीला, प्रथिनांना, जनुकांना डागतात. मोबाईलवर इथवर सांगतात आणि लगेच म्हणतात, म्हणून या रेणूंना शमवणारी अँटिऑक्सिडंट खा. मधलं एक पान गाळतात. ते रेणू शरीराला हवेही असतात. पांढऱ्या पेशी जंतू मारतात त्या याच रेणूंचा मारा करून. स्नायूंना मेहनत झाली हे कळतं तेही यांच्यामार्फत. २००९ मध्ये जर्मनीत व्यायाम करणाऱ्या तरुणांना क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या दिल्या, तर व्यायामानं इन्सुलिनचं काम सुधारतं तो फायदाच दिसेनासा झाला.

त्याहून मोठा धडा फिनलंडचा. तिथं २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. फळं-भाज्या खाणाऱ्यांना कर्करोग कमी होतो, त्यांच्या रक्तात बीटा कॅरोटीन जास्त असतं, मग बीटा कॅरोटीनच गोळीतून देऊ, असा सरळ विचार होता. १९९४ मध्ये निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतही तशीच एक चाचणी चालू होती, ती १९९६ मध्ये मध्येच थांबवली, कारण तिथंही गोळी घेणाऱ्यांत कर्करोग वाढलेला दिसला. हा निकाल मी दरवर्षी शिकवायचे आणि दरवर्षी वर्ग गप्प व्हायचा. गाजरात, शेवग्याच्या पाल्यात जे आहे तेच, पण एकटं काढून, दाट करून, रोज दिलं, तर गुण नाही, अवगुण आला.

मग भाजी-फळं खाणाऱ्यांचं भलं कशानं होतं? आपल्या पेशींपाशी स्वतःची राखण आहे. ग्लुटाथायोन, कॅटालेज, सुपरऑक्साइड डिस्म्युटेज अशी त्यांची नावं. यातला शेवटचा विकर १९६९ मध्ये सापडला. वनस्पतींतली कडू, तुरट, झणझणीत द्रव्यं बरेचदा किडींना पळवण्यासाठी असतात. आपल्या शरीराला ती थोडीशी टोचतात आणि त्या टोचणीनं पेशी आपली राखण वाढवतात, असं आता बरेच संशोधक मानतात. म्हणजे हे काम थोडं-थोडं, रोजचं, अनेक गोष्टींचं मिळून होतं. डब्यावर “अँटिऑक्सिडंट भरपूर” आणि खाली मोठा आकडा दिसला तर फसू नका. कोणत्या अन्नात ही ताकद किती, असा तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्यानं प्रसिद्ध केला होता. विक्रेते त्याचा गैरवापर करतात आणि परीक्षानळीतल्या आकड्यावरून शरीरातलं काही सांगता येत नाही, म्हणून २०१२ मध्ये खात्यानं तो स्वतःच काढून टाकला.

आईच्या आजारात तर गोष्ट आणखी वेगळी. केळीच्या बागेला ठेवलेला रखवालदार चोर सोडून घरच्याच माणसांवर काठी चालवू लागला, असा हा आजार आहे. प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटली आहे. तिथं तापट रेणू वाढतात, सूज वाढते, पण ते त्याचे परिणाम आहेत. काठीचे वळ निववून भागणार नाही, रखवालदाराला आवरायला हवं. मेथोट्रेक्सेट ते करते. न आवरलेल्या आमवातात हाडाचं नुकसान पहिल्या दोन-तीन वर्षांतच जास्त होतं आणि झालेलं भरून येत नाही. आईचं दीड वर्ष झालंय. म्हणून मी या आठवड्यातच जा म्हणते.

खाण्याचं मात्र मनापासून करा, औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला. आणि त्याला १,८०० रुपये लागत नाहीत. आपलं खानदेशी ताट मुळातच चांगलं आहे. भरीत बडगीत ठेचताना लसूण घालताच. लसणाची अख्खी पाकळी तशी मुकी असते, तिच्यात अ‍ॅलिसिन हे झणझणीत द्रव्य नसतंच. ठेचली की दोन द्रव्यं एकत्र येऊन ते तयार होतं, आणि लगेच कढत तेलात टाकली तर तयार होण्याआधीच थांबतं. म्हणून लसूण ठेचून दहा मिनिटं तशीच ठेवा, मग फोडणीला टाका. ठेच्यात कच्ची पडते ती तर उत्तमच. टोमॅटोतलं लायकोपिन हे लाल रंगद्रव्य उलट तेलात शिजल्यावर जास्त लागू पडतं. तीळ आणि शेंगदाणा आपल्या चटण्यांत आहेतच. कळण्याच्या भाकरीत ज्वारी-उडीद एकत्र येतात, मैद्याच्या पावापेक्षा ती शंभर वेळा बरी. हंगामात पेरू, आवळा. जवसाची चटणी रोज चमचाभर घालत जा, जरी जवसातलं तेल शरीरात माशाच्या तेलासारखं व्हायचं प्रमाण कमीच असलं तरी. माशाच्या तेलावर आमवातात बऱ्याच चाचण्या झाल्यात आणि सकाळचं आखडणं, दुखरे सांधे थोडे कमी होताना दिसलेत. तुमच्याकडे मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा करा. नसाल तर अडून बसू नका. वांगं, टोमॅटो वातुळ म्हणून आईचं सगळं तोडू नका. एखाद्या पदार्थानं तिला दरवेळी त्रास होत असेल तर तेवढाच टाळा. भाजलेल्या वांग्याची जळकी साल तेवढी नीट काढा.

आता पुडी. कॅप्सूलपेक्षा मला हिची भीती जास्त वाटते. आमवातात दोन दिवसांत अंग मोकळं करणारी जडीबुटी मी आयुष्यात पाहिली नाही. दोन दिवसांत तसं करणारं एक औषध आहे, ते म्हणजे स्टेरॉइड. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयात डॉ. फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका आमवाताच्या बाईला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचलं आणि ती काही दिवसांत चालायला लागली. १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. डॉक्टर तेच मोजून, थोडे दिवस, गरजेपुरतं देतात. बिनानावाच्या पुडीत ते किती आहे, कुणालाच ठाऊक नसतं. जडीबुटीच्या नावानं विकलेल्या सांधेदुखीच्या औषधांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक लपवलेलं वेगवेगळ्या देशांत पुन:पुन्हा सापडलंय. अमेरिकेच्या औषध खात्यानं २०२२ मध्ये अशाच एका प्रकाराबद्दल लोकांना सावध केलं होतं.

तुमच्या काकूंकडे जरा बघा. चेहरा गोल, गुबगुबीत झालाय का? भूक वाढलीय का? साखर वाढलेली निघाली का? कातडीवर सहज निळे डाग पडतात का? यातलं काही असेल तर त्यांनाही डॉक्टरकडे न्या. पण त्यांना पुडी एकदम बंद करायला सांगू नका. बरेच दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीरातल्या ग्रंथी आपलं काम थांबवतात आणि अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळून माणूस धोक्यात येतो. पुडी सोबत घेऊन जायचं, उतरवायची ती डॉक्टरांच्या हातानं.

माझ्या घरातलं सांगते. माझ्या आईचा गुडघा धरला होता तेव्हा आजीनं बिब्बा आणला. सुईला टोचून दिव्यावर धरला, काळं तेल सुटलं ते गुडघ्याभोवती टिपक्या-टिपक्यांनी लावलं. मी सात-आठ वर्षांची असेन, शेजारी बसून टिपके मोजत होते. दुसऱ्या दिवशी प्रत्येक टिपक्याचा फोड झाला, तिसऱ्या दिवशी सगळे मिळून एक झाले. बिब्बा उतला. तीन आठवडे आई पाय पसरून बसायची आणि आजी रडत तिला तूप लावायची. आजीची माया खोटी नव्हती. तिला बिब्ब्यातलं कातडी जाळणारं द्रव्य ठाऊक नव्हतं, एवढंच. मी औषधशास्त्राकडे वळले त्याची सुरुवात तिथं आहे.

म्हणूनच मामेभावावर डाफरू नका. तो आत्याचं वाईट व्हावं म्हणून आलेला नाही, त्याला जे शिकवलं ते तो बोलतो. त्याला एवढंच सांगा, की डॉक्टरांनी बाटली मागितलीय आणि तपासणी होईपर्यंत कॅप्सूल बंद आहेत. उरलेल्या बाटल्या परत घे म्हणा. आयुर्वेदावर आईची श्रद्धा असेल तर शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्यांकडे जरूर जा, पण दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं औषध माहीत असलं पाहिजे. पैशांची ओढ असेल तर तालुक्याच्या रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन जळगावच्या किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जा. मेथोट्रेक्सेट देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि महागही नाही.

राहता राहिली भाकरी. आमवातात हात सगळ्यात जास्त आखडतात ते सकाळी. मग जसजसा दिवस वर येतो तसे सुटत जातात. आई पहाटे चुलीपुढं बसून थापायला जाते, जमत नाही, आणि तिला वाटतं आपण आता कामाच्या राहिलो नाही. सकाळच्या भाकरी घरातल्या दुसऱ्या कुणी कराव्यात. औषध पुन्हा लागू पडेपर्यंत, सूज जास्त असेल त्या दिवशी, तिनं पिठात हातही घालू नये. सूज उतरली की संध्याकाळी कोमट पाण्यात दहा मिनिटं हात बुडवून ठेवा, पुसा, आणि परात तिच्यापुढं सरकवा. पहिल्या दिवशी एकच भाकरी, तीही लहान. पीठ कळण्याचं नको, ते चिकट येतं. साध्या ज्वारीचं, गरम पाण्यात मळलेलं द्या. आणि पहिला सोमवार कसा गेला ते मला नक्की कळवा.

तुमची,
मावशी